दुसऱ्या नजरेखालून गेलेली गाडी

खामगावात यंत्र आलं ते कापसामागून. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द इथे आले आणि जलंब ते खामगाव हा जेमतेम १३ किलोमीटरचा रेल्वेचा फाटा सुरू झाला. वऱ्हाडातला कापसाचा सर्वांत मोठा बाजार तेव्हा खामगावचा होता. अमरावतीने त्याला मागे टाकलं ते नंतर. रेल्वेपाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यासोबत बॉयलर, शाफ्ट, पुल्या आणि पट्टे आले. हंगामात जिन बंद पडून चालत नाही. बेअरिंग जळालं म्हणून कापसाच्या गाड्या यायच्या थांबत नाहीत, आणि सुटा भाग मुंबईहून येईस्तोवर हातावर हात ठेवून बसणं कुणालाच परवडत नाही. मग गावातल्याच कुणीतरी शाफ्ट लेथवर चढवायचा, बुश ओतायचं, पट्टा सांधायचा आणि रात्रीतून जिन चालू करून द्यायचा. कापसाच्या गावांना फिटर, टर्नर आणि वेल्डर मिळाले ते अशा गरजेतून.

याच गावाला पुढे चांदीने 'रजतनगरी' हे नाव मिळवून दिलं. चांदीचा कारागीर आणि गॅरेजमधला वेल्डर यांची कामं निराळी, पण धातू किती तापलाय हे दोघांनाही रंगावरून ओळखावं लागतं. मोटारसायकलची आवड असलेल्या मुलाला अशा गावात गुरू शोधत फिरावं लागत नाही.

कंपन्यांची चकचकीत सर्व्हिस सेंटर्स तालुक्याला पोचण्याच्या कितीतरी आधी मिस्त्री पोचले होते. दुधाचे कॅन लादून शेतरस्त्यांवरून धावणारी १७३ सीसीची राजदूत, म्हैसूरच्या कारखान्यातून येणारी येझदी, मद्रासची बुलेट यांच्यावर त्यांचा हात बसला. १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि अवघ्या १०० किलोंच्या आसपासचं वजन. या एका गाडीने महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत पोरांना वेगाचं वेड लावलं आणि त्याच पोरांना हेड खोलायला, पोर्ट घासायला, कार्बोरेटरचं जेट बदलायलाही शिकवलं. तिचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. आजही चांगल्या अवस्थेतली आरएक्स विकायला निघाली की तिची किंमत ऐकून नवी गाडी घेणारा चकित होतो.

पुढच्या पानांचा विषय हाच आहे: शर्यतीची ओढ आणि घरच्या कार्यशाळेतली खटपट. एकाच माणसात या दोन गोष्टी बहुधा सोबतच आढळतात. ज्याला गाडी पळवायची असते त्याला ती आतून कशी आहे हे पाहायचं असतं, आणि ज्याने ती स्वतः खोलून जोडली त्याला ती किती पळते हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. दोन्हींत जिवाला धोका आहे. शर्यतीतला धोका दिसतो, त्यावर बोललं जातं, पेपरात छापून येतं. कार्यशाळेतला धोका शांत असतो. तो वेल्डिंगच्या एका कच्च्या टाक्यात, न आवळलेल्या एका नटात दडून बसतो आणि रस्त्यावर, वेगात असतानाच बाहेर येतो. म्हणून हे दोन विषय एकत्र मांडायला हवेत.

धाडस वऱ्हाडात भरपूर आहे आणि कसबही भरपूर आहे. कमी आहे ती तिसरी गोष्ट: ज्याने गाडी बनवली त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी, कठोर नजरेने, ती तपासण्याची सवय. या पानांतून सांगायचं आहे ते एवढंच, आणि त्याला पुरावे आपल्या आजूबाजूलाच आहेत.

आधी कार्यशाळेत शिरू. टू-स्ट्रोक गाडीवर नवशिक्या हौशीचं पहिलं ऑपरेशन बहुतेक वेळा सायलेन्सरवर होतं. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, अशी समजूत असते. खरा प्रकार उलटा आहे. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या इंजिनिअरने १९५० च्या दशकात टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्टमधली दाबाची लाट कामाला लावली. सिलिंडरमधून निघालेली लाट पाइपाच्या फुगीर भागात पसरते, पुढच्या निमुळत्या भागावर आपटून माघारी येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पाइपाची लांबी आणि त्याचे उतार बरोबर जुळले, तरच ती लाट वेळेवर परतते. काडेनने १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली होती. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला, ते तंत्र सुझुकीकडे पोचलं आणि १९६२ मध्ये ५० सीसी गटाचं जागतिक विजेतेपद सुझुकीने जिंकलं. ज्या पाइपासाठी एवढं घडलं, तो मागून चार बोटं कापून टाकला की लाटेचं गणित बिघडतं. गाडी ओरडते जास्त आणि ओढते कमी.

चार-स्ट्रोकमध्येही एक्झॉस्ट मोकळा केला आणि जेट तेच ठेवलं, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी स्थिती होऊ शकते. हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. गाडी जोरात पळवून इंजिन एकदम बंद करायचं आणि प्लग खोलून पाहायचा. चिनी मातीच्या टोकावर फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक आहे. काळी, तेलकट काजळी म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त. आणि टोक पांढरं फटक, कोरडं, त्यावर बारीक पुटकुळ्या आल्या असतील, तर पिस्टन वितळण्याच्या वाटेवर आहे. खामगावच्या मे महिन्यात, सावलीत पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला आधीच श्वास पुरत नाही. अशा दिवशी पांढऱ्या प्लगची गाडी ताणली की पिस्टन फुगतो, सिलिंडरमध्ये पकडला जातो आणि मागचं चाक जागीच थांबतं. ८० च्या वेगात मागचं चाक थांबणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. जाणता स्वार म्हणूनच टू-स्ट्रोक चालवताना डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवतो. इंजिनाचा सूर बदलला की क्लच दाबायला त्याला विचार करावा लागत नाही.

दुसरं एक काम, दिसायला किरकोळ: पेट्रोलची गळकी टाकी. टाकी रिकामी केली, उन्हात ठेवली, आता वेल्डिंग करायला हरकत नाही, असं अनेकांना वाटतं. पेट्रोल संपलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, कारण आत द्रवाऐवजी वाफ आणि हवा असते आणि पेट घ्यायला नेमकं तेच मिश्रण लागतं. जुने मिस्त्री टाकी सोड्याच्या गरम पाण्याने अनेकदा विसळतात, मग गळतीची जागा वर येईल अशी आडवी धरून काठोकाठ पाण्याने भरतात आणि तेवढाच बोटभर भाग कोरडा ठेवून डाग देतात. हे कुठल्या पुस्तकात वाचून आलेलं नाही. ज्याने हे पाहिलंय, त्याच्याकडूनच शिकायला मिळतं. अशा गोष्टी लिहून ठेवणं फार गरजेचं आहे, कारण त्या जाणणारे हात आता म्हातारे होत आहेत.

घरच्या कार्यशाळेचा सर्वांत मोठा नायक शोधायचा तर न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इनव्हरकार्गिल या गावी जावं लागतं. बर्ट मन्रोने १९२० मध्ये इंडियन स्काउट नावाची अमेरिकन मोटारसायकल घेतली. मुळात ती ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास पळायची. पुढची चार दशकं हा माणूस शेडमध्ये तिच्यावरच काम करत राहिला. पिस्टन तो स्वतः ओतायचा, सुटे भाग हाताने घडवायचा, आणि मोडलेले भाग फेकून न देता फळीवर मांडून ठेवायचा, वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून. १९६७ साली, ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिल या मिठाच्या मैदानावर त्याने १००० सीसीखालच्या गटात ताशी २९६ किलोमीटरचा विक्रम केला. मन्रोच्या गोष्टीत लोकांना त्याची जिद्द भावते आणि ती भावण्यासारखीच आहे. पण मोडक्या भागांची ती फळी अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. कुठला भाग कुठे आणि का मोडला याची नोंदच ती. शिवाय त्याने विक्रम केला तो मैलोन्‌मैल सपाट, मोकळ्या, त्यासाठीच राखलेल्या जागी, वेळ मोजणारे आणि तपासणारे अधिकारी समोर असताना.

आता आपल्या विदर्भातली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचं गाव आहे. तिथला शेख इस्माइल आठवीपर्यंत शिकलेला, भावाच्या वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा तरुण. त्याने मारुती ८०० चं इंजिन लावून हेलिकॉप्टर बनवायला घेतलं. गाव त्याला 'मुन्ना हेलिकॉप्टर' म्हणू लागलं. दोन वर्षं तो त्यात गढला होता आणि स्वातंत्र्यदिनाला ते लोकांसमोर आणायचं त्याच्या मनात होतं. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री जमिनीवरच चाचणी सुरू असताना शेपटाकडचं पातं तुटलं, वरच्या मोठ्या पात्यावर आदळलं आणि तो मोठा पंखा मुन्नाच्या डोक्यावर आला. तो २४ वर्षांचा होता.

या घटनेवर दोन्ही टोकांच्या प्रतिक्रिया आल्या. काहींनी त्याला वेडा ठरवलं, काहींनी हुतात्मा. दोन्हींमुळे त्याचं खरं मोठेपण झाकलं जातं आणि खरी चूकही. पत्रा आणि पाइप यांतून फिरणारी पाती असलेलं यंत्र उभं करणं हे साधं काम नाही. मुन्नाच्या हातात विलक्षण कसब होतं. पण त्याच्या यंत्राची कुणी धातूशास्त्राच्या अंगाने पाहणी केली नव्हती, फिरताना पात्यावर किती ताण येतो याचा हिशेब त्याच्यासमोर कुणी मांडला नव्हता, आणि चाचणीच्या वेळी माणूस यंत्रापासून किती दूर असावा हे ठरवणारं कुणी तिथे नव्हतं. जिल्ह्यात आयटीआय आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. त्यांच्या दारापासून मुन्नाच्या दुकानापर्यंत वाट नव्हती. दोष द्यायचा तर या तुटलेल्या वाटेला द्यायला हवा.

याच्या शेजारी अमोल यादव यांची कहाणी ठेवून पाहावी. मूळचे सातारा जिल्ह्यातले, व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादवांनी कांदिवलीतल्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी होता होता २०१७ उजाडलं आणि उड्डाणाची परवानगी मिळाली ती २०१९ च्या ऑक्टोबरात. त्या कागदांमागे त्यांची किती वर्षं गेली, याबद्दल राग येणं स्वाभाविक आहे. परवानगी देणाऱ्या यंत्रणेने घरगुती शोधकाला इतकं ताटकळत ठेवायला नको होतं. तरीही त्या ताटकळण्यात एक गोष्ट घडली. विमानाचा प्रत्येक भाग बनवणाऱ्याखेरीज इतरांच्या नजरेखालून गेला.

तिसरं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे या जन्मगावचं. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून सुमारे ६० हजार रुपयांत छोटी चारचाकी बनवली. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू व्हायची. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि लगेच हेही सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी ती घेऊन बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो दिली. कसबाचा मान राखला गेला आणि रस्त्याचा नियमही.

घरची खटपट फक्त वेगासाठीच असते असंही नाही. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी १९९० च्या दशकात बुलेटच्या मागच्या चाकाच्या जागी शेतीची अवजारं जोडली आणि त्यातून 'बुलेट सांती' तयार झाली. बैलजोडी परवडत नसलेल्या शेतकऱ्याला कोळपणीसाठी ती चालली आणि तिला पेटंटही मिळालं. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ भिसे यांनी सायकलच्या चाकाला आणि हँडलला कोळपं जोडून 'कृषिराजा' बनवलं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने या दोन्हींची दखल घेतली. खामगावच्या काळ्या जमिनीत तण कसं माजतं आणि मजूर मिळणं किती अवघड झालंय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या खटपटीचं मोल वेगळं सांगायला नको.

आता शर्यतीकडे वळू. खऱ्या शर्यतीत पहिली गाडी धावण्याआधी सगळ्यांत महत्त्वाचा तास असतो तो तपासणीचा. आरसे, इंडिकेटर, स्टँड काढलेलं आहे का? ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधलाय का, म्हणजे तो ढिला होऊन ट्रॅकवर तेल सांडणार नाही आणि मागच्याचा जीव जाणार नाही? ॲक्सिलरेटर सोडल्यावर टचकन मागे येतो का, हँडल पूर्ण वळवल्यावरही येतो का? चाकाला दोन्ही हातांनी हलवलं तर बेअरिंगमध्ये खेळ जाणवतो का? इंजिन बंद करायचं बटण काम करतं का? हेल्मेट कुठल्या मानकाचं, ते आधी आपटलेलं आहे का, पट्टा हनुवटीखाली घट्ट बसतो का? यातलं एक जरी नापास झालं तरी स्वार कितीही नावाजलेला असो, गाडी बाहेर. यात अपमान कुणीच मानत नाही. दुसऱ्याने शोधलेल्या दोषाबद्दल आभार मानायचे, ही शर्यतीच्या जगाची रीत आहे.

भारतात ही रीत मद्रासकडून रुजली. दुसऱ्या महायुद्धातली शोलावरमची धावपट्टी मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शर्यतींसाठी वापरली. घरी हात फिरवलेल्या जावा, येझदी, यामाहा तिथे वर्षानुवर्षं धावल्या. १९९० मध्ये क्लबचा इरुंगट्टुकोट्टई इथला स्वतःचा ट्रॅक सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे आणि नाशिककडे मातीवरच्या शर्यती रुजल्या, कोल्हापूरने कार्टिंगमधून रेसिंगची पोरं घडवली. मध्य प्रदेशात पीथमपूरला २००७ पासून 'बाहा' स्पर्धा भरत आली आहे. तिच्यात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतः बनवलेली एक आसनी गाडी चार तासांच्या खडतर फेऱ्यांत उतरवतात. तिथेही गाडी मैदानात जाण्याआधी परीक्षक तिचा एकेक वेल्ड पाहतात, आणि पहिल्या तपासणीत नापास झालेले चमू रात्रभर जागून गाडी दुरुस्त करतात. त्या जागरणात जे शिकायला मिळतं, त्याची सर वर्गातल्या तासांना येत नाही.

मात्र तपासणीने धोका संपतो असा दावा इथे करायचा नाही. ५ ऑगस्ट २०२३ रोजी, त्याच मद्रासच्या ट्रॅकवर, राष्ट्रीय स्पर्धेच्या नवोदित गटात बंगळुरूचा श्रेयस हरीश शर्यत सुरू झाल्या झाल्या पहिल्या वळणाशी पडला आणि डोक्याच्या दुखापतीने गेला. वय १३. आयोजकांनी त्या आठवड्याच्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या. किती वर्षांच्या मुलाला कुठल्या ताकदीच्या गाडीवर बसवावं, हा प्रश्न त्या दिवसानंतर कुणालाच टाळता येणार नाही. आयल ऑफ मॅन बेटावर सार्वजनिक रस्ते बंद करून जी शर्यत होते, तिच्या ६० किलोमीटरच्या डोंगरी मार्गावर १९११ पासून अडीचशेहून अधिक स्वार मृत्युमुखी पडले आहेत. तिथे जाणाऱ्याला हा आकडा माहीत असतो. प्रौढ माणसाने डोळे उघडे ठेवून असा धोका पत्करणं समजू शकतं. दगडी भिंती आणि विजेचे खांब लागून असलेल्या रस्त्यावर तपासणी गाडीचा दोष काढू शकते, रस्त्याचा नाही.

अपघात झालाच तर जीव कशाने वाचतो, हे वाळवंटातल्या डकार रॅलीत दिसतं. बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये ती पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात, चौथ्या टप्प्यात तो जबर कोसळला. मागून येणारा ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस स्वतःची शर्यत थांबवून त्याच्यापाशी उभा राहिला, हेलिकॉप्टर आलं, संतोषला रियाधच्या रुग्णालयात नेलं आणि तो वाचला. तो वाचला यामागे हेल्मेट होतं, थांबणारा प्रतिस्पर्धी होता आणि काही मिनिटांत पोचणारी वैद्यकीय मदत होती. रात्री अकराला महामार्गावर पैज लावून पळणाऱ्या दोन पोरांजवळ यांतलं काय असतं?

हेल्मेटचा इतिहास या पानांत असायलाच हवा. मे १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमधल्या एका गावरस्त्यावर ब्रफ सुपिरियर मोटारसायकल चालवत होता. समोर सायकलवर दोन मुलं आली. त्यांना वाचवताना तो पडला आणि सहा दिवसांनी मरण पावला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा तरुण मेंदूशल्यचिकित्सक होता. केर्न्स तो मृत्यू विसरला नाही. महायुद्धात लष्कराचे निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार डोक्याच्या माराने मरत होते, त्यांच्या नोंदी त्याने गोळा केल्या आणि १९४१ मध्ये हेल्मेटचा उपयोग दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. एका डॉक्टरच्या हळहळीतून आणि चिकाटीच्या नोंदींतून ते आपल्या डोक्यावर आलं आहे.

आपल्याकडचे आकडे पाहावेत. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मरण पावली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नव्हतं असे मृत ५०,०२९. त्यांत मागे बसलेले १४,३३७. म्हणजे मागे बसलेली बहीण, आई, मित्र. जून २०२१ पासून देशात भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. रस्त्याकडेला टांगलेली स्वस्त टोपडी अजून मिळतात, आणि ती घालणारा स्वतःला सुरक्षित समजतो. त्यापेक्षा मोठी फसवणूक नाही.

खामगावसाठी हा प्रश्न आणखी टोकदार आहे, कारण सुरत-कोलकाता महामार्ग गावाला लागून जातो. त्याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोल्यातल्या मानापर्यंत, जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा टाकून गिनीज विक्रम नोंदवला गेला. रस्ता गुळगुळीत झाला की ॲक्सिलरेटर आपसूक पिळला जातो. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. समोरचं संकट डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर कापलेलं असतं. वेग ४० वरून ८० झाला तर गाडीतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते, आणि थांबताना ती सगळी ब्रेकच्या लायनिंगने किंवा माणसाच्या हाडांनी सोसायची असते. याच भागात खामगाव-शेगाव रस्त्यावरून गजानन महाराजांच्या पालखीसोबत हजारो माणसं पायी चालतात, हंगामात कापसाच्या गाड्या येतात, बुलडाण्याकडे बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्यातली जनावरं रस्ता ओलांडतात. इथला कुठलाही रस्ता शर्यतीसाठी मोकळा नसतो.

कायदाही आता मऊ राहिलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करणंही गुन्हा आहे. एमएच-२८ ची पाटी लावलेल्या गाडीची चेसिस कापून, सायलेन्सर बदलून ती बाजारातून फिरवणाऱ्याने हे समजून घ्यावं. बदल करायचेच असतील तर ते खाजगी मैदानावर चालवायच्या गाडीत करावेत.

पण नुसत्या बंदीने ओढ संपत नाही, हे वऱ्हाडाइतकं कुणाला ठाऊक आहे? शंकरपट ही आपलीच परंपरा. तळेगाव दशासरचा पट पाहायला माणसं कुठून कुठून यायची. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला त्या अटींसह पुन्हा भरवता आल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आज पट भरवायचा तर परवानगी लागते, जागा ठरलेली असते, जनावरांची तपासणी होते. बैलांसाठी जी व्यवस्था उभी राहिली, ती गाड्यांच्या पोरांसाठीही उभी राहू शकते.

त्यासाठी शोलावरमसारखी धावपट्टी लागत नाही. मातीवरच्या शर्यतीला डांबर नको; पडीक जमिनीचा चार-पाच एकरांचा तुकडा, मातीचे उंचवटे, कडेला जुने टायर, पाण्याचा टँकर आणि फाटकाशी उभी १०८ ची रुग्णवाहिका एवढ्यावर सुरुवात होते. मातीत वेग कमी राहतो, पडणं वारंवार होतं आणि शिकणंही. काळी माती ओली झाली की चाकाला लाडवासारखी चिकटते, म्हणून मैदान मुरमाड हवं, आणि तालुक्यात मुरमाड माळरानं आहेत.

पुढच्या लेखांत इंजिन कसं उघडावं आणि कसं बंद करावं, ब्रेकचं लायनिंग कधी बदलावं, डाग कुठे द्यावा आणि कुठे कधीच देऊ नये, हेल्मेट कसं निवडावं, पडलेल्या माणसाच्या मानेला हात का लावू नये, हे सगळं येईल. चेसिसच्या मानेजवळचा आणि स्विंगआर्मचा सांधा घरी वेल्ड करू नये, ही एक गोष्ट इथेच सांगून ठेवायला हवी, कारण ती वाचायला उशीर झाला तर उपयोग नाही.

खामगावात शासकीय आयटीआय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, शेगावला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्यांतल्या मोटार मेकॅनिक आणि वेल्डरच्या शिक्षकांना, गावातल्या जुन्या मिस्त्रींना आणि टर्नरना ही विनंती आहे: महिन्यातला एक रविवार संस्थेचं आवार उघडं ठेवा. पोरांना त्यांच्या गाड्या आणि घरी जोडलेली यंत्रं घेऊन येऊ द्या, पोलिसांच्या भीतीशिवाय. बेअरिंग हलवून पाहा, डाग ठोकून पाहा, प्लग काढून पाहा, आणि जे चुकलंय ते स्पष्ट सांगा. ज्यांच्याकडे माळरानाचा तुकडा आहे त्यांनी तहसील कार्यालयात परवानगीची चौकशी करावी. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी पुढची पानं त्या मुलासोबत किंवा मुलीसोबत बसून वाचावीत.